घरट्याची जागा लपवली, मुलांची मात्र उघडी ठेवली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत. हल्ली प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी संकेतस्थळाचा पत्ता असतो. परवा दुपारी त्यांतले काही पत्ते उघडून पाहिले. तीन ठिकाणी गेल्या वर्षीच्या मुलामुलींचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोखाली पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळा. एका ठिकाणी तर या वर्षी मुलांना कुठल्या चौकातून किती वाजता गाडीत घेणार, त्याचा तक्ताच लावलेला. त्या तिन्ही ठिकाणी मी फोन केले. दोघांनी ऐकून घेतलं, तिसऱ्यांना घाई होती. म्हणून हे पत्र. दोन वर्षांपूर्वी हीच चूक आमच्या हातून झाली आणि तिचा त्रास एका तेरा वर्षांच्या मुलीला भोगावा लागला.

मी नाशिकरोडचा. चौतीस वर्षं प्रेसमध्ये, म्हणजे मुद्रांक आणि पासपोर्ट छापणाऱ्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात नोकरी केली. निवृत्तीनंतर जेलरोड भागातल्या चार-पाच जणांनी मिळून मुलांचा एक निसर्ग गट सुरू केला. अकरा ते सतरा वयाची चाळीसेक मुलं येतात. पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज, अंजनेरी अशा आमच्या रविवारच्या वाऱ्या, आणि थंडीत एकदा नांदूरमधमेश्वर. गोदावरी-कादवेच्या संगमावरची ही जागा महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली. चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटे मुलांना उभं केलं की तासभर कुणी खायला मागत नाही, यावरून काय ते समजा.

गटाचा पहिल्या दिवसापासूनचा एक नियम आहे. पक्ष्याच्या घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही, लिहायची नाही आणि फोटोत ओळखू येईल असं काही ठेवायचं नाही. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत. एखाद्या कपारीची खूण बाहेर फुटली की कॅमेरेवाल्यांची रांग लागते, पक्षी बिथरतात आणि अंडी वाऱ्यावर पडतात. मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांना ते पाठ आहे.

आमच्यातला नुकताच बारावी झालेला एक मुलगा संगणकात हुशार. त्याने दिवाळीच्या सुट्टीत गटाचं संकेतस्थळ उभं केलं आणि आम्ही सगळे हरखून गेलो. सहलींचे फोटो आले, मुलांचे लेख आले. मुलांना जबाबदारी वाटावी म्हणून आम्ही पदं दिली होती. एक पक्षी नोंदणीप्रमुख, एक वनस्पती नोंदणीप्रमुख. त्यांची नावं, शाळा, फोटो आणि संपर्काचे मोबाइल नंबर एका पानावर लावले. पुढच्या चार रविवारांचं वेळापत्रकही लावलं, जमण्याच्या जागेसह आणि वेळेसह. ते पान मी स्वतः वाचून शुद्धलेखन तपासलं होतं. ‘वनस्पती’तली वेलांटी दुरुस्त केली आणि तेरा वर्षांच्या मुलीचा नंबर तसाच जाऊ दिला.

तो नंबर खरं तर तिच्या आईचा. शाळेतून आल्यावर अभ्यासासाठी फोन तिच्याकडे असायचा. फेब्रुवारीत त्यावर एका अनोळखी माणसाचे संदेश यायला लागले. आपणही पक्षीनिरीक्षक आहोत, तुमच्या गटाचं काम फार आवडलं, असं त्याने लिहिलं. आठ-दहा दिवस फक्त पक्ष्यांचं बोलणं चाललं होतं. त्याला तिची शाळा ठाऊक होती, तिचा लेख त्याने वाचला होता. मग एका शनिवारी संदेश आला. उद्या तुम्ही पावणेसहाला चौकात जमणार आहात ना, बस यायच्या आधी मी गाडी घेऊन येतो, तुला अंजनेरीला नेऊन गिधाडाचं घरटं दाखवतो, घरी सांगू नकोस.

तिने ते आजीला सांगितलं. का सांगावंसं वाटलं, असं आम्ही नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, “काका, घरटं दाखवतो म्हणाला ना, तेव्हाच मला तो खोटा वाटला. पक्षी आवडणारा माणूस असं कुणाला घरटं दाखवायला नेत नाही.”

त्या रात्री साडेनऊला आजीचा फोन आला. चाळीस घरांना फोन करून दुसऱ्या दिवशीची सहल रद्द केली. मग ते पान काढायचं म्हटलं तर किल्ली कुणाकडेच नाही. ज्या मुलाने संकेतस्थळ केलं तो पुण्याला शिकायला गेलेला. सगळं त्याच्या एकट्याच्या ईमेलवर, पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि सोमवारी परीक्षा म्हणून त्याचा फोन बंद. ते पान सोमवारी दुपारपर्यंत तसंच उघडं राहिलं. प्रेसमध्ये मी आयुष्यभर कागद मोजले. खराब झालेला कागदसुद्धा मोजून परत द्यावा लागे. एकही कागद दाराबाहेर गेला तर त्याला जबाबदार कोण, हे नावानिशी ठरलेलं असे. आणि इथे चाळीस मुलांची माहिती एका अठरा वर्षांच्या पोराच्या खिशात ठेवून आम्ही झोपत होतो. त्या पोराचा यात काडीचा दोष नाही. त्याच्यावर तो भार टाकणारे आम्ही.

आणखी एक चूक त्या रात्री झाली, ती प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. मुलीच्या काकांनी रागाच्या भरात तो नंबर ब्लॉक केला आणि सगळे संदेश पुसून टाकले. तक्रार द्यायला गेलो तेव्हा हातात राहिला तो एकच स्क्रीनशॉट, तोही मुलीने मैत्रिणीला पाठवलेला. आधी स्क्रीनशॉट, नंबर, तारीख, वेळ, सगळं जपून ठेवायचं आणि मग ब्लॉक करायचं. त्या माणसाला फोन करून शिव्या द्यायच्या नाहीत, त्याने तो सावध होतो. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास असते. तातडी असेल तर ११२, आणि इंटरनेटवरच्या गुन्ह्यांची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या करता येते. तो नंबर नंतर बंद पडला. माणूस कोण होता ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही संकेतस्थळ पूर्ण बंद करून एकेक पान तपासायला बसलो. मुलांची नावं फोटोखालून काढली होती, पण फोटोच्या फाइलला नाव दिलेलं होतं ते मुलाचंच, पुढे शाळा आणि तुकडी. शोधयंत्रं फाइलचं नावही वाचतात, त्यामुळे नाव टाकलं की फोटो समोर! त्याहून धक्कादायक गोष्ट आमच्यातल्या एका ताईंनी दाखवली. त्याच मुलीने घरच्या गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलने केलेल्या घरट्यावर छान टिपण लिहिलं होतं. नियम पाळून तिने सोसायटीचं नाव, रस्ता, काहीच लिहिलं नव्हतं. फोटो स्पष्ट यावा म्हणून मूळ फाइल आम्ही जशीच्या तशी चढवली होती. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर कॅमेरा फोटोच्या आत अक्षांश-रेखांशही नोंदवतो. ताईंनी तो आकडा नकाशात टाकला आणि खूण बरोबर तिच्या इमारतीवर येऊन थांबली. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला तर ही नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्या माणसाने एवढं खोदलं असेल असं वाटत नाही. पण घरट्याची आणि घराची जागा एकाच फोटोत आम्ही जगाला देऊन बसलो होतो, आणि आमचा एकुलता एक नियम घरट्यापुरताच होता.

संकेतस्थळ चार महिने बंद ठेवलं. त्या काळात नियम लिहिले, आणि ते लिहायला सहा मुलंही बसवली. दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेची नियमावली उतरवून घ्यायची असं आधी एकाने सुचवलं होतं. बरं झालं तसं केलं नाही. मुलांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्या कुठल्याच छापील नियमावलीत आम्हाला सापडल्या नसत्या. एक सातवीतली मुलगी म्हणाली, नदीत भिजलेल्या कपड्यातले फोटो नकोत, मोठ्या माणसांना ते फक्त मजेचे वाटतात. एक मुलगा म्हणाला, मी रडत असताना फोटो काढू नका, आणि काढलात तर मला न विचारता लावू नका. हे ऐकताना माझी मान खाली गेली, कारण तो फोटो मीच काढला होता.

आता आमच्याकडे चेहरा असेल तर नाव नाही आणि नाव असेल तर चेहरा नाही. नावही फक्त पहिलं. शाळा कुठेही नाही. गणवेश किंवा शाळेचं चिन्ह असलेली बॅग फोटोत आली तर तो फोटो बाद. सहलीचं वेळापत्रक फक्त पालकांच्या ग्रुपवर, आणि संकेतस्थळावर सहलीचं वर्णन सगळी मुलं घरी पोचल्यानंतर. संपर्काला दोन मोठ्यांचे नंबर. किल्ल्या दोघांकडे, त्यांतला एक जण गट सोडून गेला तर त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा. फुकटच्या सोयीवर संकेतस्थळ चालवत होतो तेव्हा त्यावर पैशांच्या खेळांच्या जाहिराती झळकायच्या. वर्षाला थोडे पैसे भरून त्या जाहिराती बंद केल्या.

एका व्यापारी गृहस्थांनी गटाला तीस रेनकोट दिले होते. त्यांची साधी इच्छा होती की मुलांचा नावांसकट फोटो लागावा. नाही कसं म्हणायचं यावर आमची दोन बैठकांत चर्चा झाली. शेवटी जुलैतल्या रामशेजच्या सहलीत पायऱ्या चढणाऱ्या मुलांचा पाठमोरा फोटो काढला. धुकं, काळा कातळ आणि तीस निळे रेनकोट एका ओळीत वर जाणारे. त्या गृहस्थांनी तो मोठा करून आपल्या दुकानात लावला आहे. चेहरा दिसल्याशिवाय देणगीदार खूश होत नाहीत, असं म्हणणाऱ्या मंडळांनी हा प्रयोग एकदा करून बघावा.

संमतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्याच संस्थांची गफलत होते. प्रवेश अर्जाच्या तळाशी ‘आमची हरकत नाही’ अशी एक ओळ असते आणि पालक घाईत सही करतात. ती सही कशाला, कुठे, किती दिवस, काहीच स्पष्ट नसतं. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे, आणि मुलाची माहिती डिजिटल स्वरूपात हाताळायची तर पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागेल असं म्हटलं आहे. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांविषयीची ही बंधनं मोडली तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. आमच्यासारख्या छोट्या गटाला दंडाची भीती दाखवायला हे लिहीत नाही. देशाने या गोष्टीला किती वजन दिलं आहे ते कळावं म्हणून लिहितो. आम्ही आता तीन वेगळ्या सह्या घेतो: फोटोसाठी, लेखासाठी आणि आजारपण-रक्तगट या माहितीसाठी. पालकांनी हो म्हटलं तरी मुलाला वेगळं विचारतो, आणि मुलाचा नकार अखेरचा. नंतर कधीही कुणी ‘काढा’ म्हटलं तर चोवीस तासांत काढतो, कारण विचारत नाही.

रक्तगटाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ही सगळी माहिती आम्ही एका ऑनलाइन तक्त्यात भरून घेतली होती. कुणाला दमा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, घरचे पत्ते, सगळं. आणि तो तक्ता ‘लिंक असलेल्या कोणालाही’ दिसेल असा ठेवलेला होता. ती लिंक तीन ग्रुपवर फिरली होती. आपल्या मंडळाचा, पथकाचा, क्लासचा तक्ता कसा ठेवला आहे ते आज रात्री एकदा उघडून बघा, अशी माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

मजकुराचा प्रश्न मला फोटोपेक्षा अवघड वाटतो. एका मुलाने रामशेजच्या सहलीवर लेख लिहिला, भाषा खुसखुशीत, सगळे हसले. त्यात ‘आमचा जाडू’ पायऱ्यांवर बसून कसा रडला याचं वर्णन होतं. तो लेख लागला आणि तो दुसरा मुलगा चार रविवार आला नाही. ज्याच्याविषयी लिहिलं आहे त्याने लेख आधी वाचायचा आणि त्याची मान्यता असेल तरच तो भाग ठेवायचा, हा नियम त्यातून आला. लिहिणाऱ्यानेच नंतर त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. आम्ही सांगितलं नव्हतं.

याच्या उलटही घडलं. एका नववीतल्या मुलीने दसक घाटाजवळ गोदावरीत पसरलेल्या पाणवेलींवर, म्हणजे जलपर्णीवर लिहिलं. तीन रविवार एकाच जागेवरून फोटो काढून पाणी कसं झाकत गेलं ते दाखवलं. आमच्यातल्या एका सदस्यांना वाटलं, हे राजकारणाकडे जाईल, नको. मी त्यांच्याशी भांडलो, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा भांडेन. मजकुराचे नियम माणसांना जपण्यासाठी आहेत. नदीची अवस्था लपवण्यासाठी ते वापरले तर मुलं पुढच्या वेळी काही लिहिणारच नाहीत. तिची निरीक्षणं आम्ही जागेवर जाऊन तपासली आणि लेख जसाच्या तसा लावला.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. मुलाच्या लेखातून, चित्रातून किंवा बोलण्यातून त्याच्यावर काही अत्याचार होत असल्याची शंका आली तर? तो मजकूर लावायचा की नाही, हा प्रश्नच तिथे गौण आहे. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२च्या कलम १९प्रमाणे मुलाविरुद्ध लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी शंका जरी आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१खाली गुन्हा आहे. समिती बसवून, घरच्यांना समजावून प्रकरण मिटवायचा अधिकार कुठल्याही मंडळाला नाही. आमच्या पाचही जणांनी ही दोन कलमं मोठ्याने वाचून त्याखाली सह्या केल्या आहेत. गटातला कुणीही मोठा माणूस मुलाशी एकट्याने संदेशांवर बोलणार नाही, बोलायचं ते पालक असलेल्या ग्रुपवरच, हेही तेव्हाच ठरलं. हा नियम मलाही लागू आहे.

काही पालक म्हणतात, मुलं स्वतःच इन्स्टाग्रामवर सगळं टाकतात, तुम्ही कशाला एवढं करता? एक तर तिथे तेरा वर्षांखालच्या मुलाला खातं काढायची परवानगीच नाही. आणि मूल स्वतः काय टाकतं ते त्याचं आणि त्याच्या घरचं. आम्ही टाकतो तेव्हा चाळीस घरांनी विश्वासाने दिलेलं टाकतो.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. स्पर्धांमध्ये यशस्वी झालेल्या मुलांचे फोटो आपण पूर्ण नाव, शाळा, तुकडी आणि कधी कधी वसाहतीच्या नावासकट छापता, आणि तेच पान इंटरनेटवरही जातं. कौतुक जरूर छापावं, पण वसाहतीचं नाव गाळता येईल का, इंटरनेटवरच्या आवृत्तीत फोटो आणि पूर्ण नाव वेगळं ठेवता येईल का, याचा विचार व्हावा. सिंहस्थ तोंडावर आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला स्वयंसेवक म्हणून शाळा-कॉलेजची हजारो मुलं पुढे येतील, त्यांच्या याद्या होतील, ओळखपत्रं होतील, फोटो निघतील. कोणाची नेमणूक कुठल्या घाटावर आणि किती वाजता, हे त्या याद्यांतून उघड होऊ नये. आत्तापासून ठरवलं तर हे जमण्यासारखं आहे.

आमची नियमावली साडेतीन पानांची आहे आणि साध्या मराठीत आहे. कोणत्याही मंडळाला, ढोल पथकाला, संस्कार वर्गाला हवी असेल तर आपल्या कार्यालयात एक प्रत ठेवली आहे. जशीच्या तशी उतरवू नका, आपल्या मुलांना बसवून त्यात भर घाला.

हे पत्र पाठवण्याआधी त्या मुलीला आणि तिच्या आईला वाचायला दिलं. ती आता दहावीला जाईल. तिने एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. घरट्याविषयी ती जे बोलली ते मी आधी गाळलं होतं, कारण त्यावरून गटातले लोक तिला ओळखतील असं मला वाटलं. तिने ते परत घालायला लावलं.

माझं नाव छापलं तर गट ओळखू येईल आणि गटावरून ती. म्हणून कृपया नाव छापू नये.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)
जेलरोड, नाशिकरोड